मेंदूचं वायरिंग आणि काकांचा डावा हात

गेल्या वर्षभरात पेशंटांच्या घरी एक पुस्तक मला सारखं भेटतं. टीव्हीखालच्या फळीवर, गोळ्यांच्या डब्याशेजारी, एका घरी तर देवघरात, पोथीच्या खाली. मुखपृष्ठावर निळा चकाकता मेंदू आणि त्यातून निघालेल्या विजा. मूळ इंग्रजी आहे, मराठी अनुवादही आलाय, आणि नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर पातळ कागदाची, पानं तिरपी कापलेली प्रतही मिळते. नाव लिहीत नाही. अशी पुस्तकं डझनाने आहेत आणि सगळ्यांचं सांगणं एकच: मेंदूचं वायरिंग बदलता येतं, एकवीस दिवस द्या, बाकी तुमच्या इच्छाशक्तीवर.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धंतोलीतल्या एका गल्लीत छोटं क्लिनिक, आणि संध्याकाळी स्कूटीवर घरोघर, नंदनवनपासून मनीषनगरपर्यंत. पेशंटांत लकव्याचे जास्त. मेंदू बदलतो, या एका गोष्टीवर माझं घर चालतं. हे पुस्तक कुणाला आवडायला हवं होतं, तर ते मला. पूर्ण किंमत मोजून घेतलं आणि मे महिन्यात कूलरसमोर बसून, हातात पेन्सिल घेऊन वाचलं. (नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?) शंभरेक पानांपर्यंतच्या खुणा शाबासकीच्या आहेत. त्यापुढे समासात जे लिहिलंय ते इथे छापण्यासारखं नाही.

धादांत खोट्या पुस्तकाचा मला राग येत नाही. आपण दहाच टक्के मेंदू वापरतो, असं पहिल्या पानावर दिसलं की मी ते परत ठेवते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास आणि ऊर्जा खातो जवळपास वीस टक्के. नव्वद टक्के भाग नुसता बसवून ठेवायचा असता तर शरीराने त्याला एवढं पोसलं नसतं. या पुस्तकात तसली थाप नव्हती. लेखकाने खरे प्रयोग घेतले होते. फक्त प्रत्येक प्रयोगाचा अडचणीचा भाग कापून टाकला होता, आणि हे पेशंटच्या घरी बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

उदाहरण लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांचं घ्या. हे प्रकरण आमच्या एका पेशंट काकांना पाठ झालं होतं. (काकांना विचारूनच लिहितेय, ओळख लागेल असे तपशील बदललेत.) काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात नाही. पुण्याच्या मुलाने पुस्तक पाठवलं आणि काकांनी एका हाताने पानं उलटत ते वाचून काढलं. मी गेले की पहिलं वाक्य: "मॅडम, ड्रायव्हर लोकायचा मेंदू मोठा असते म्हणते याच्यात!"

प्रयोग खरा आहे. एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली लंडनच्या १६ टॅक्सी ड्रायव्हरांचे स्कॅन तपासले. रस्ते, जागा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. लंडनचा टॅक्सी परवाना मिळवायचा तर सुमारे २५,००० रस्ते डोक्यात बसवावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. इथवर पुस्तकात आहे. त्याच ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा हिस्सा इतरांपेक्षा लहान होता, हे पुस्तकात नाही. २०११ साली याच गटाने परवान्यासाठी शिकणाऱ्या ७९ जणांचा पाठपुरावा केला. पास झाले ३९. मेंदूतला बदल पास झालेल्यांतच दिसला, आणि एक गुंतागुंतीची आकृती बघून नंतर आठवून काढण्याच्या चाचणीत तेच मागे पडले. म्हणजे मेंदूने एका खात्यात जमा केलं तेव्हा दुसऱ्या खात्यातून काही गेलं असावं. याबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही.

आणि सगळ्यात मजेशीर भाग काकांना सांगावा की नाही, याचा मला खरंच प्रश्न पडला होता. २००६ साली मॅग्वायरबाईंनी टॅक्सी ड्रायव्हरांची तुलना केली ती लंडनच्या बस ड्रायव्हरांशी. गाडी तीच चालवायची, रहदारी तीच, ताण तोच, पण बसचा रस्ता ठरलेला. ती वाढ बसवाल्यांत नव्हती. शेवटी सांगून टाकलं. काका क्षणभर गप्प झाले. "म्हणजे आमी फेल?" मी म्हटलं, नव्या आकृत्या लक्षात ठेवण्यात बसवाले टॅक्सीवाल्यांच्या पुढे होते. "मंग बरोबर हाय. टॅक्सीवाल्याले फक्त पत्ता पायजे, आमाले पूर्ण गाडीवर लक्ष ठेवा लागते." विज्ञानाचा अर्थ काकांनी आपल्या सोयीने लावला, पण निदान पूर्ण निकाल ऐकून तरी लावला.

उजवा मेंदू कलेचा आणि डावा हिशोबाचा, हे प्रकरणही आहेच. काकांचे जावई त्यावरून म्हणाले, "उजवाच गेला ना, चाललं, बाबांना कुठे चित्रं काढायचीत!" ते हसले, मीही हसले, पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. माझ्या नंदनवनच्या एका आजींना उजव्या मेंदूचा झटका आला तेव्हा त्या ताटाच्या उजव्या अर्ध्यातला भात संपवायच्या आणि डावा अर्धा तसाच ठेवून म्हणायच्या, वाढत का नाही कुणी? डोळे चांगले होते. डावीकडचं जगच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. सून ताट फिरवून द्यायची, मग त्या उरलेला भात खायच्या. उजव्या मेंदूचं हे काम आहे आणि त्याला कलेशी काही देणंघेणं नाही. २०१३ साली अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या गटाने हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. भाषा डावीकडे, लक्ष देणं उजवीकडे अशी कामांची वाटणी दिसली, पण अमका माणूस डाव्या मेंदूचा आणि तमका उजव्या मेंदूचा, असं काही सापडलं नाही.

डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चाळीस पानं आहेत. मोबाइल बाजूला ठेवा, डोपामिन उपास करा, मन ताळ्यावर येईल. मोबाइल बाजूला ठेवा हे बरोबरच आहे, माझी आईही तेच सांगते आणि तिने डोपामिनचं नाव ऐकलेलं नाही. मला डोपामिन भेटतं ते पार्किन्सनच्या पेशंटांत. मिडब्रेनमधल्या, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहतो तो हलतच नाही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आम्ही फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवतो. तोच माणूस पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतो, अगदी सहज. गोळीचा असर उतरला की पुन्हा उंबऱ्यात. ज्यांच्या मेंदूचा खरोखरच डोपामिनचा उपास चाललेला असतो, त्यांची घरं मी आठवड्यातून अनेकदा बघते. कुणाचंही मन ताळ्यावर आलेलं दिसलं नाही. (याच मिडब्रेनच्या नावाने मध्यंतरी मुलांचे वर्ग निघाले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायचे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी नाकाशेजारची फट दाखवून दिली, तरी फी भरणारे भरतच राहिले.)

लोक विश्वास का ठेवतात, याचाही अभ्यास झालाय आणि तो मला या अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त आवडतो. येल विद्यापीठातल्या डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली लोकांना माणसांच्या वागण्याची काही स्पष्टीकरणं वाचायला दिली, काही धड, काही फुसकी. काहींत मेंदूच्या अमुक भागाचं एखादं वाक्य घुसडलं. त्या वाक्याचा मुद्द्याशी संबंध नव्हता, तरी फुसकी स्पष्टीकरणं लोकांना जास्त पटायला लागली. मेंदूविज्ञानाचा एक कोर्स केलेले विद्यार्थीही फसले, तज्ज्ञ तेवढे वाचले. पुढच्याच वर्षी क्रेग बेनेट आणि त्याच्या मित्रांनी एमआरआय यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोडीत सावधगिरी घेतली नाही तर माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते हे जाहीर केलं. रंगीत ठिपक्यांचे स्कॅन पुस्तकात दिसले की मला तो मासा आठवतो.

आता एकवीस दिवस. मी हे लिहायला बसले ते याच्यासाठी.

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या न्यूयॉर्कच्या एका प्लास्टिक सर्जनकडून आलाय. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाली की पेशंटला नवा चेहरा आपला वाटायला किमान एकवीस दिवस जातात, असं त्याने १९६० साली लिहिलं. त्याचं निरीक्षण, त्याच्या दवाखान्यातलं. नंतरच्या लोकांनी त्यातलं 'किमान' पुसलं. सवयी किती दिवसांत लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी मोजलं. ९६ जण घेतले, प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची, जेवणासोबत एक फळ खायचं असं काहीतरी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस. कुणाला १८, कुणाला २५४. आणि ही धडधाकट माणसं होती, फळ खायला शिकत होती. मेलेला हात उचलायला नव्हे.

काकांनी कालनिर्णयवर रोज फुली मारली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सकाळी डोळे मिटून, डावा हात उघडतोय असं मनात बघायचं, मग हुकूम सोडायचा. कल्पनेतल्या सरावाला आमच्या शास्त्रात जागा आहे, मी स्वतः ते करून घेते. पण प्रत्यक्ष सरावाच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. काकांनी माझा दिलेला सराव कमी केला, कारण पुस्तकात लिहिलं होतं की अंग मागाहून येतं, आधी मन. फुल्या पूर्ण झाल्या. हात होता तसाच.

मी गेले तर काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "मनापासून करतच नाही हो हे. पुस्तकात स्पष्ट दिलं आहे, ज्याचा विश्वास कमी पडते त्याले गुण येत नाही." काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत उचलणं, धुणं, भरवणं त्याच करतात. लिहिणाऱ्याने त्यांच्या हातात एक तयार उत्तर दिलं: औषध बरोबर, डॉक्टर बरोबर, पुस्तक बरोबर, तर चूक कुणाची? पेशंटची. गंडेदोरे देणारा भगत नेमकं हेच सांगतो, श्रद्धा कमी पडली. फरक इतकाच की भगताकडे जाताना घरातलं कुणीतरी शिकलेलं माणूस अडवतं. इथे शिकलेल्या मुलानेच कुरिअर केलं होतं.

त्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. रिपोर्टमधलं स्कॅन खिडकीला धरून काकांना दाखवलं. ठिपका छोटा आहे. ज्या जागी आहे ती वाईट. मेंदूच्या वरच्या भागातून हाता-पायांकडे निघालेले सगळे तंतू इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद जागेतून खाली उतरतात. मी विचारलं, काका, बुटीबोरीला रस्ता पूर्ण बंद पडला तर वर्ध्याची गाडी कशी न्याल? ते कुशीवर वळले. "उमरेडहून. गिरड, मंग जाम, मंग वर्धा." मग म्हणाले, "पण टाइम किती लागन! आन रस्ता तसा हाय काय?" मी म्हटलं, तुमच्या हाताचं तेवढंच आहे. हुकूम सुटतोय, बरोबर सुटतोय. मोठा रस्ता बंद आहे. आडरस्त्याने थोडंफार जातं, ते रोज जाऊन जाऊन वाढवायचं, आणि तो रस्ता कितीही सुधारला तरी चारपदरी होईल असं मी सांगू शकत नाही. तुमच्या इच्छेचा यात संबंध नाही. काका बराच वेळ ते स्कॅन बघत राहिले. "मंग हे आधी काहून नाही सांगतलं कोनी?"

सांगत नाही, कारण असं सांगणारं पुस्तक खपत नाही. मेंदू बदलतो तो कंटाळवाण्या, आकड्यांत मोजण्यासारख्या कामाने. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पंजाची एकच हालचाल दिवसाला शेकडो वेळा करून घेतात तेव्हा मेंदूच्या नकाशात फरक दिसतो. आणि माणसांचं? कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातली स्ट्रोक पेशंटांची ३१२ उपचार सत्रं बाजूला बसून मोजली आणि २००९ साली आकडे छापले. हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२. बत्तीस! तिकडे ही गत, आमच्याकडे अर्ध्या तासाच्या होम व्हिजिटमध्ये त्यातले दहा मिनिटं खांदा मोकळा करण्यात आणि पाच मिनिटं चहाला नाही म्हणण्यात जातात. निराशाच व्हायची असेल तर या आकड्यावर व्हावी, इच्छाशक्तीवर नव्हे.

एक गोष्ट पुस्तकात अर्ध्या पानात उरकली आहे आणि तिने जवळजवळ घात केला होता. चांगल्या हातावर मोजा चढवून लुळ्या हाताला काम करायला भाग पाडायचं, ही एडवर्ड टॉब यांची पद्धत. २००६ साली तिची मोठी चाचणी छापून आली, २२२ पेशंट, स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले. जागेपणीचा ९० टक्के वेळ हातावर तो मोजा, दोन आठवडे, आणि रोज सहा तासांपर्यंत सराव, थेरपिस्ट समोर. सुधारणा झाली आणि टिकली. पण घेतले कुणाला? ज्यांचं मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडत होती त्यांनाच. ही अट अर्ध्या पानात मावली नाही बहुतेक. काकूंनी काकांचा उजवा हात ओढणीने बांधला, आणि काका तसेच बाथरूमला गेले. तोल गेला तेव्हा धरायला हात नव्हता. खांदा भिंतीवर आपटला, डोकं वाचलं.

जास्त आणि लवकर म्हणजे चांगलं, हेही पुस्तकात ठासून सांगितलंय. स्ट्रोकनंतर पहिल्या चोवीस तासांतच पेशंटला उठवून जास्तीत जास्त हालचाल करून घ्यायची, यावर पाच देशांत २१०४ पेशंटांवर मोठी चाचणी झाली. निकाल २०१५ साली आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा परिणाम वाईट. आमच्या क्षेत्रातल्या कित्येकांना ते पचायला जड गेलं, पण पचवलं. शास्त्र असंच चालतं, आवडती कल्पना मार खाते आणि मग आपण सराव बदलतो. त्या पुस्तकाच्या साडेतीनशे पानांत लेखकाची एकही कल्पना कुठे मार खाताना दिसत नाही.

सध्या काका टेबलावर टॉवेल पुढे-मागे सरकवतात, मोजून. आकडे ते थांब्यांच्या नावाने मोजतात: बुटीबोरी, सेलू, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आणि जोर असला तर दारव्हा, दिग्रस करत पुसदपर्यंत, मग परतीची फेरी. मनगट थोडं उचलतं. बोटं मिटतात, उघडत नाहीत. डावा हात पोळीचा डबा दाबून धरतो आणि उजवा झाकण काढतो. काकांना हे फार कमी वाटतं, ते तसं बोलूनही दाखवतात. मी वाद घालत नाही, कमीच आहे.

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथेच होते. स्पीकरवर होता. आणखी कुठलं पुस्तक पाठवू, म्हणाला. मी म्हटलं, पुस्तक राहू दे. दुपारी दोन तासांसाठी एखादा पोरगा ठेव, समोर बसून मोजणारा, म्हणजे आईलाही जरा पाठ टेकता येईल. आणि बाथरूमला पकडायचा बार बसवून घे, इतवारीत मिळतो. तो म्हणाला, ते ठीक आहे मॅडम, पण बाबांच्या मोटिव्हेशनचं काय? ज्या माणसाने सबंध नोकरी पहाटेच्या गाड्या काढल्या त्याच्या मोटिव्हेशनबद्दल काय बोलावं, हे मी शोधत होते, तेवढ्यात काकाच टेबलावरून ओरडले.

"त्याले म्हणा, बार आधी पाठव. आन मले बोलवू नका मधात, मी देवळीत हाय."